पाच वाजताचा गायक

पबमध्ये गाणं रंगलं की लोक स्टेजकडे बघतात, आणि बिघडलं की मान वळवून मागे बघतात. मागे कोपऱ्यात काळ्या टेबलाशी जो बसलेला असतो, तो मी. जुबिली हिल्सच्या एका पबमध्ये मी पंधरा वर्षं साऊंड सांभाळला. त्याआधी अफझलगंजच्या एका माईकवाल्याकडे होतो. लग्न, उरूस, गणपती, जयंती, निवडणूक, कुणाचंही काम असो, भोंगे खांबावर चढवायचे आणि शिट्टी वाजू द्यायची नाही, एवढं तिथं शिकलो.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर म्हटलं, ‘पबचे किस्से लिहा, लोक चवीनं वाचतील.’ त्यांना बहुधा दारू, मारामारी आणि श्रीमंतांची पोरं हवी असणार. थोडं तसलंही येईल. पण मला जे लिहायचंय ते मत्सराबद्दल आहे. आधीच सांगतो, मत्सर करणारा मीच आहे, दुसरा कुणी नाही.

माझे वडील बिलोलीकडचे. नामपल्ली स्टेशनवर पार्सलात कामाला होते. दिवसभर गठ्ठे उचलायचे, आणि जयंतीचा महिना आला की त्यांची गायन पार्टी वस्त्यावस्त्यांतून फिरायची. गाणी स्वतः रचायचे, चाल स्वतः लावायचे. गळा असा की माईक नसला तरी शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. मी सोळा वर्षांचा असताना त्यांना म्हटलं, ‘बाबा, या वर्षी मला एक गाणं एकट्याला द्या.’ त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, पान थुंकले आणि म्हणाले, ‘प्रकाश, तुझा कान तयार हाय. गळा नाही. तू कोरसात राहा.’

बोलले ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. खोटं असतं तर भांडलो असतो. मी कोरसातूनही उठलो आणि माईकवाल्याकडे जाऊन बसलो. गाता येत नाही ना, मग गाणारे माझ्या हाताखालून जातील, असा काहीतरी हिशेब त्या वयात डोक्यात असावा.

आता धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पबमध्ये आवाज दोन असतात. एक बाहेरचा, जो मोठ्या स्पीकरांतून तुम्हाला ऐकू येतो. दुसरा आतला, तो फक्त गाणाऱ्यासाठी. मोठे स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे असतात, तोंड तुमच्याकडे. त्याच्या मागे ड्रम दणकत असतो, बाजूला गिटार. या गोंधळात त्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून त्याच्या पायाशी एक तिरका डबा ठेवतात. त्याला मॉनिटर म्हणतात. त्यातून त्याला स्वतःचं गाणं परत मिळतं आणि तो सुरात राहतो. तो डबा बंद पडला तर भलाभला गवई अंधारात जिना उतरल्यासारखा चाचपडतो. आणि गंमत अशी की ऐकणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही. त्यांना वाटतं, गाणारा बेसूर आहे. दोन्ही आवाजांचे नॉब माझ्या हाताखाली, एकमेकांपासून चार बोटांवर.

या आतल्या आवाजाचा मी एकदा फार चांगला उपयोग केला होता. एका लग्नघरची मंडळी आली होती, त्यात नवरदेवाचे काका. दोन पेग झाल्यावर काकांना गायचं होतं, आणि नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. काका स्टेजवर चढले. पहिल्या ओळीलाच मी ओळखलं की हे गाणं हॉलमध्ये गेलं तर टेबलं रिकामी होतील. मी त्यांचा बाहेरचा आवाज जवळजवळ बंद केला आणि मॉनिटर भरपूर वाढवला. थोडी मिठासही घातली. हॉलला फक्त बँड ऐकू येत होता आणि काकांना फक्त काका. डोळे मिटून पाच मिनिटं गायले. खाली उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी. मला मिठी मारून म्हणाले, ‘आज मालूम हुआ मेरेकू, मैं क्या चीज हूं.’

दुसरे एक डॉक्टर यायचे, दर शुक्रवारी, चार मित्रांना घेऊन. त्यांना आपल्या कानांचा भारी अभिमान. अर्ध्या तासानं हमखास माझ्या टेबलाशी येऊन सांगायचे, ‘बेस जास्त होतोय.’ अशा लोकांसाठी आम्हा साऊंडवाल्यांची एक जुनी रीत आहे. मिक्सरवर शेवटचा एक नॉब असतो, ज्याला काहीही जोडलेलं नसतं. तो गंभीर चेहऱ्यानं जरा फिरवायचा, मान तिरकी करून ऐकल्यासारखं करायचं आणि विचारायचं, ‘आता?’ डॉक्टर डोळे बारीक करून म्हणायचे, ‘हां, अब सही है.’ आणि समाधानानं जाऊन बसायचे. सव्वीस वर्षांत हा रिकामा नॉब चुकीचा निघाला असं एकदाही झालं नाही.

तर सांगत होतो गाण्याचं. कार्यक्रम साडेआठला, पण साऊंड चेक पाचला. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या, फरशी ओली, भटारखान्यात कांदा चिरणं चालू. त्या वेळी माईकवर कुणीतरी गाऊन दाखवल्याशिवाय आवाज बसवता येत नाही. आमच्याकडची गाणारी लक्ष्मी, गुंटूरची, आवाजाला गोड पण वेळेला कच्ची. ती थेट आठला उगवायची. मग पाच वाजता तिच्या जागी मीच गायचो. तिच्या माईकसमोर उभं राहायचं, दोन ओळी म्हणायच्या, पळत मागे जायचं, नॉब फिरवायचा, परत पुढे यायचं. हळूहळू दोन ओळींचं अख्खं गाणं झालं. मग दोन झाली.

सिनेमाची गाणी मी तिथं कधी गायलो नाही. बाबांचीच गायचो. जुबिली हिल्सच्या पबमध्ये, रिकाम्या हॉलात, बाबांनी पार्सलाच्या गठ्ठ्यांवर बसून रचलेली जयंतीची गाणी. हेड वेटर जहांगीर काम सोडून उभा राहायचा. म्हणायचा, ‘प्रकाशभाई, वो जयंती वाला गाओ ना. समझमें कुछ नै आता, पन दिल कू लगता.’ भटारखान्याच्या दारात दोघंतिघं यायचे. एकदा मालक नरसिंहरावही वेळेआधी आले आणि शेवटपर्यंत ऐकून वर गेले. आठ वर्षं दर शुक्रवारी पाच ते सव्वापाच मी हैदराबादचा गायक होतो. घरीदारी कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा तोवर वारले होते, त्यामुळे तिकडूनही काही धोका नव्हता.

मग किनाऱ्याकडच्यांपासून वेगळं राज्य करायचं भांडण पेटलं. आमच्या घरात या गोष्टीचं नवल नव्हतं. बाबा सांगायचे, ‘आपलं जुनं हैदराबाद राज्य तर तिघांत वाटलं गेलं, आपण चुलीपाशी राहिलो तसे राहिलो.’ पण या वेळची धग थेट माझ्या टेबलापर्यंत आली. सकाळी बंद पुकारला जायचा, दुपारी उठायचा, संध्याकाळी पोलीस येऊन दहालाच शटर पाडायला लावायचे. दिलसुखनगरहून माझी बस कधी चादरघाटापाशीच परत फिरायची. आत आलेल्यांतही दोन तट. एका टेबलानं किनाऱ्याकडच्या हिरोचं गाणं मागितलं की दुसरं टेबल ओरडायचं, ‘आमच्या मातीतलं लाव!’ एका शुक्रवारी ग्लास फुटला, पुढच्या शुक्रवारी एकाचं नाक. लक्ष्मी गुंटूरची, म्हणजे किनाऱ्याकडचीच; तिच्या वडिलांनी तिला घरी नेलं ते कायमचं.

नरसिंहरावांनी मला वर बोलावलं. ‘प्रकाश, दो हफ्ते में कोई लडकी लाव. तेलुगू भी गाना, हिंदी भी. और सुन, न इधर की होना, न उधर की. झगडा नै होना मेरेकू.’

न इकडची, न तिकडची म्हणजे आपली मराठीच की. मला लगेच सुजाता आठवली. आमच्याच कॉलनीतली, शोभाताईंची मुलगी. शोभाताई नर्स, माझ्या बायकोची विहारातली मैत्रीण. त्यामुळे सुजाता मला मामा म्हणायची. माधापूरच्या एका कंपनीत नोकरी, आणि विहारात वंदनेनंतर गायची तेव्हा बायका घरी जायचं विसरायच्या. शोभाताईंना पटवायला मला दोन रविवार लागले. ‘पब म्हणजे दारूच ना, प्रकाशभाऊ?’ त्या विचारत राहिल्या. मी म्हटलं, ‘ताई, दारू ते पितात, आपण आवाज सांभाळतो. माझ्या नजरेसमोर राहील पोरगी.’

हा शब्द मी दिला होता. पुढे कामी आला नाही.

सुजाताला मी सगळं शिकवलं. माईक किती बोटं लांब धरायचा, श्वास कुठं लपवायचा, मॉनिटर कमी वाटला तर कानाला हात लावून बोट वर करायचं, जास्त वाटला तर खाली. आणि पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘चांगला गाणारा आपला साऊंड चेक स्वतः करतो. पाचला यायचं.’

ती पुढच्या शुक्रवारी पावणेपाचलाच आली. माईकसमोर उभी राहिली. मी मागे जाऊन बसलो, आणि तेव्हा लक्षात आलं की माझं आता पुढे काही काम नाही. पाच ते सव्वापाच संपलं. ज्याचं त्यालाच कळेल असलं हे दुःख. कुणापाशी बोलणार? माझ्याच तोंडानं मी माझा कार्यक्रम बंद करून घेतला होता.

तिचं पहिलं गाणं संपलं तसा जहांगीर माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता हा म्हणेल, तुमचं काही औरच होतं. तो म्हणाला, ‘क्या आवाज है मियां! ये बच्ची कू कहां छुपा के रखे थे?’ आठ वर्षांचा माझा श्रोता एका गाण्यात गेला. मी त्या दिवशी त्याच्या हातचा चहा घेतला नाही. पित्त झालंय म्हणालो.

मला तिचा हेवा वाटायचा हे लिहायला आज काही वाटत नाही. तेव्हा मात्र त्याला मी वेगवेगळी नावं द्यायचो. तिची तालीम कच्ची आहे, शब्द चावते, तेलुगू गाण्यांत हिंदी वळण येतं. घरी बायकोला रोज एक खोट सांगायचो. बायको एकदा म्हणाली, ‘इतकी वाईट गाते तर आणली कशाला?’ मी जेवणावरून उठलो. तिच्या आवाजाला काही करावं लागायचं नाही, हे माझं खरं दुखणं होतं. बाकीच्यांचा खरखरीतपणा घासावा लागतो, पोकळपणा भरावा लागतो. हिचा आवाज जसा यायचा तसा सोडला की झालं. बाबांच्या गळ्यात जे होतं आणि माझ्या गळ्यात उतरलं नाही, ते या परक्या पोरीच्या गळ्यात आयतं येऊन बसलं होतं.

वर ती चांगली होती. उर्मट असती तर सोपं गेलं असतं. डब्यात माझ्यासाठी थालीपीठ आणायची, स्टेजवरून उतरली की आधी माझ्याकडे यायची. ‘मामा, कसं झालं? तुम्ही सांगा, बाकी लोकांचं सोडा.’ दुसऱ्या कुणाच्या टाळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. मी म्हणायचो, ‘ठीक.’ त्याच्यापुढे कधी गेलो नाही.

एका पाच वाजताच्या चेकनंतर जहांगीरनं तिला सांगून टाकलं की प्रकाशभाई स्वतः गायचे. ती मागेच लागली. ‘म्हणून दाखवा ना मामा. प्लीज ना.’ मी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी म्हणाली, ‘बरं, गाऊ नका. शब्द तरी द्या. आजोबांचं गाणं आहे, मला यायला पाहिजे.’ बाबांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी आजोबा म्हणाली. तिला मराठी बोलता यायचं, वाचताना अडखळायची. मी सांगत गेलो आणि तिनं वहीत तेलुगू अक्षरांत उतरवून घेतलं. चाल मी गुणगुणून सांगितली. घरी म्हणत बसेल, एवढंच मला वाटलं.

राज्य झालं त्याच आठवड्यातली गोष्ट. रस्त्यांवर गुलाल, फटाके, गुलाबी झेंडे. नरसिंहराव वरंगलकडचे, त्यांनी पब झेंडूनं सजवला. त्या शुक्रवारी एका चॅनेलचे गृहस्थ यायचे होते. राज्य दोन झाल्यावर गाण्यांचे कार्यक्रमही दोन होणार, तेव्हा त्यांना नवे आवाज हवे होते. सुजाताला हे आठवडाभर आधी कळलं होतं. तिनं शोभाताईंना सांगितलं नव्हतं, ‘झालं तरच सांगीन’ म्हणाली. नोकरीतला तिचा जीव कधीच उडाला होता. हे जमलं तर सोडणार होती. त्या दिवशी साडेचारला येऊन तिनं मला विचारलं, ‘मामा, आज सगळं बरोबर होईल ना?’ मी म्हटलं, ‘मी आहे ना.’

पहिली तीन गाणी तिनं अशी म्हटली की माझ्या बाजूला उभे असलेले नरसिंहराव पुटपुटले, ‘बंगारं.’ सोनं. चॅनेलवाले गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले होते. मी तोवर प्रामाणिक होतो. मनात हेवा होता, पण हात प्रामाणिक होते.

मग ती माईकवर म्हणाली, ‘अब एक मराठी गाना. मट्टी का गाना है. हमारे प्रकाश मामा के फादर का लिखा हुआ. मामा वो पीछे बैठे हैं, जिनके वजह से आप मेरेकू सुन रहे.’ हॉल मागे वळला. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा. मी हात जोडले.

आणि ती बाबांचं गाणं गायला लागली. दुसऱ्या ओळीला ड्रमवाल्यानं डफाचा ठेका धरला, तिसऱ्या ओळीला टेबलं वाजायला लागली. मराठीचा गंध नसलेले लोक ठेका धरून होते. जहांगीर ट्रे घेऊन जागच्या जागी डोलत होता. बाबांचं गाणं इतकं मोठं होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. मी आठ वर्षं तेच गाणं म्हटलं होतं, आणि ते उलट्या खुर्च्यांच्या पलीकडे कधी गेलं नाही. बाबा समोर असते तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. हे मला इतकं लख्ख दिसलं की सहन झालं नाही.

मी तिच्या मॉनिटरचा नॉब खाली आणला. एकदम नाही. मला माझं काम येतं. केसाकेसानं आणला.

ती आधी गोंधळली नाही, जरा जोर लावून गायली. जोर लावला की सूर चढतो, तसा चढला. मग तिनं कानाला हात लावून बोट वर केलं. मी पाहिलं. मी मान डोलावली, हात पुढे नेला आणि तो शेवटचा, रिकामा नॉब फिरवला. अंगठा दाखवला. तिनं पुन्हा बोट वर केलं. मी पुन्हा रिकामा नॉब फिरवला. अंतऱ्याला वरचा सूर होता. त्या सुराला ती चाचपडत गेली आणि खाली पडली. बाहेर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बाहेरचा आवाज मी चोख ठेवला होता. तिचा एकेक चुकलेला सूर मी साडेतीनशे लोकांना नीट पोचवला.

टेबलं वाजायची थांबली. चॅनेलवाले गृहस्थ फोन बघायला लागले. नरसिंहराव म्हणाले, ‘क्या हुआ इसकू?’ मी म्हटलं, ‘टेन्शन असेल, साब.’ पुढच्या गाण्याला मी मॉनिटर परत वर आणला. पण एकदा मन कचरलं की पायाशी डबा असून उपयोग नसतो. ती पावलं मोजत चालावं तशी गायली.

पार्किंगमध्ये ती माझी वाट बघत उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, ‘मामा, गेले ना मी? खरं सांगा.’

तो क्षण होता. ‘नाही पोरी, माझ्याकडून मॉनिटर गेला’ एवढं म्हटलं असतं, मुद्दाम केलं हे नसतं सांगितलं, तरी पुरलं असतं. मशीनवर ढकललं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, ‘हौ. अंतऱ्याला उतरलीस.’

तिनं मान हलवली. ‘आजोबांचं गाणं होतं,’ एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली. आणखी दोन शुक्रवार आली, खालच्या पट्टीतली, न अडखळणारी गाणी म्हणून गेली. मग कंपनीनं बंगळूरला बदली दिली, ती तिनं मागून घेतली असं शोभाताईंकडून कळलं. विहारातही पुढे कधी गायली नाही. ‘आवाज बसलाय म्हणते,’ शोभाताई सांगायच्या, ‘दाखव म्हटलं डॉक्टरला, तर नको म्हणते.’ मी ऐकून घ्यायचो.

तिच्या जागी कोरापुटकडचा एक गाणारा आला, मग कराओके आलं, मग मशीनवर गाणी लावणारे आले. पाच वाजता हॉल मोकळा असायचा. मी मात्र त्यानंतर माईकवर ‘हॅलो, चेक, वन, टू’ याच्यापलीकडे काही म्हटलं नाही. तोंड उघडायचं मन होईना. जहांगीरनं दोनतीनदा आग्रह केला, मग सोडून दिला.

इथवर लेख लिहून झाला आणि मी बायकोला वाचायला दिला. तिनं वाचला, चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘मराठीत लिहिलास, दिवाळी अंकात. सुजाता कुठं वाचणार आहे हे? सगळ्या जगाला सांगून मोकळा होणार, आणि जिला सांगायचं तिला धड वाचता येत नाही.’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, कारण हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी बंगळूरला फोन लावला. आधी ख्यालीखुशाली, तिच्या मुलाची शाळा, शोभाताईंचे गुडघे. मग म्हटलं, ‘सुजाता, मी एक लिहिलंय, तुला वाचून दाखवतो. मधे बोलू नकोस.’ राज्य झालं त्या आठवड्यापासून पार्किंगपर्यंत सगळं वाचलं. एक ओळ गाळली नाही.

वाचून झालं. मी म्हटलं, ‘शिव्या दे. काय द्यायचं ते दे.’

‘मामा, मॉनिटर गेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं,’ ती म्हणाली. ‘मी बोट वर केलं, तुम्ही बघितलं, आणि वाढवलं नाही. तेपण कळलं.’

‘मग तू मला विचारलं का नाहीस?’

‘काय विचारणार? मला वाटलं, मी आजोबांचं गाणं खराब करत असेन. तुम्हाला ऐकवलं नसेल, म्हणून थांबवताय. तुमचा कान कसा चुकेल, मामा? मी म्हटलं, यांनाच नको वाटतंय तर आपल्यात खरंच काही नसेल.’

तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करून परत आली.

‘म्हणजे त्या दिवशी मी बरोबर गात होते?’

‘बरोबर गात होतीस.’

‘अंतऱ्यापर्यंत?’

‘मी नॉबला हात लावेपर्यंत एक सूर इकडेतिकडे नव्हता. बाबांनंतर ते गाणं तसं कुणी म्हटलं नाही.’

मग ती म्हणाली, ‘परत एकदा सांगा.’

मी परत सांगितलं. ती म्हणाली, ‘अजून एकदा.’